स्टोव्ह बदलण्याआधी लाकडाचा ओलावा मोजून पाहावा

सरपणाच्या स्टोव्हची काच दोन दिवसांत काळी पडते, भरपूर लाकूड जाळूनही खोली तापत नाही, म्हणून पेलेटचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या लहान कांड्यांचा, स्टोव्ह घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोष स्टोव्हचा नसून लाकडाचा असण्याचा संभव अधिक आहे.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. त्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते, पण खरे नुकसान पुढेच आहे. ज्योत पुरेशी तापत नाही, आणि लाकडातून निघणारे जे वायू जळून बरीचशी उष्णता मिळायची, तेच अर्धवट जळून धुराड्यात जातात आणि थंड होऊन डांबरासारखा थर धरतात. हा थर पेटला की धुराड्यालाच आग लागते. रात्रभर निखारा टिकावा म्हणून हवेची झडप जवळजवळ बंद करण्याची सवय असल्यास हा थर वाळलेल्या लाकडानेही साचतो.

ओलावा मोजताना ओंडका मधोमध फोडून आतल्या ताज्या बाजूवर मापक टेकवावा, कारण बाहेरून खडखडीत वाटणारे लाकूड आतून ओले निघते. आकडा 20 टक्क्यांच्या आत हवा. त्यासाठी लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजू उघड्या ठेवून एक ते दोन वर्षे रचून ठेवावे लागते. मी एकदा संपूर्ण ढिगावर प्लास्टिक गुंडाळले होते. वाळण्याऐवजी त्याला बुरशी आली.

पेलेटमध्ये ओलावा 10 टक्क्यांहून कमी असतो आणि किलोमागे सुमारे 4.8 किलोवॅट-तास उष्णता मिळते. चांगल्या वाळलेल्या लाकडातून ती सुमारे 4 मिळते. पेलेटच्या स्टोव्हमध्ये तापमान एकसारखे राहते, ही सोय नाकारता येणार नाही. मात्र पेलेट पुढे सरकवणारा स्क्रू आणि पंखा विजेवर चालतात, त्यामुळे वीज गेली की बहुतेक स्टोव्ह विझतात. शिवाय पोत्याला पाणी लागले तर पेलेट फुगून त्यांचा पुन्हा भुसा होतो.

तेव्हा आधी धुराडे साफ करून घ्यावे, खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवावे आणि आठवडाभर फक्त वाळलेले लाकूड झडप उघडी ठेवून जाळावे. तरीही काच काळी पडली, तर दाराच्या कडेने हवा आत येऊ न देणारी सीलदोरी आणि धुराड्याची ओढ, म्हणजे धूर वर खेचण्याची ताकद, तपासावी.