गिझर लावला की आरसीसीबी पडतो, नळाला झिणझिण्या येतात: काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाघोलीचा फ्लॅट, बोअर आणि टँकरचं मिक्स पाणी, 15 लिटरचा स्टोरेज गिझर पाच वर्षं जुना, चालू केला की थोड्या वेळात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, सासूबाईंना नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, गरम पाणी एका बादलीतच संपतं, खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं आणि इलेक्ट्रिशियन म्हणतोय आरसीसीबी खराब आहे, गिझरची लाइन डायरेक्ट देतो. वर तुम्ही विचारलंय की ही कटकट सोडून गॅस गिझर घ्यावा का.

सगळ्यात आधी, ती लाइन डायरेक्ट करून घेऊ नका, आणि गिझरचा प्लग आजच काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. आरसीसीबी दुसरं काही करत नाही, जाणारा करंट आणि परत येणारा करंट सारखा आहे का तेवढंच बघतो, आणि घरातल्या आरसीसीबीला 30 मिलिअँपिअरच्या आसपास फरक दिसला की तो पडतो, म्हणजे तेवढा करंट वायर सोडून दुसरीकडून चाललाय. तुमच्याकडे तो कुठून चाललाय ते सासूबाईंच्या हाताला कळतंय! एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) आहे ना मग काय, असं काही जण सांगतील, पण 16 किंवा 20 अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसाचा जीव त्याच्या कितीतरी कमी करंटमध्ये जातो आणि एमसीबीला पत्ता पण लागत नाही. आरसीसीबी त्याचं काम करतोय, त्याला खराब म्हणणाऱ्या माणसाकडून पुढचं काम करून घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता नीट बघा, तुमच्याकडे एक नाही दोन फॉल्ट आहेत. पाणी तापवणाऱ्या कॉइलमधून करंटचं लीकेज असेल तर अर्थिंग चांगलं असताना तो करंट सरळ अर्थला जातो, आरसीसीबी लगेच पडतो, आणि नळापर्यंत काही येत नाही. झिणझिण्या येतायत म्हणजे अर्थिंग कुठेतरी सुटलंय किंवा कमजोर आहे. प्लगच्या वरच्या जाड पिनची वायर, सॉकेटमागची हिरवी वायर, डीबीमधली (घरातल्या स्विचच्या मुख्य बॉक्समधली) अर्थची पट्टी आणि मग बिल्डिंगचा अर्थिंग पिट, या क्रमाने तपासायला सांगा, बहुतेक वेळा सॉकेटमध्येच हिरवी वायर लोंबकळत असते. टेस्टरचा दिवा पेटला म्हणजे अर्थिंग चेक झालं असं नसतं. आणि पाइप सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) आहेत मग करंट कसा येईल हा विचार करू नका, पाइप प्लास्टिकचा असला तरी आतलं क्षाराचं पाणी करंट नेतंच.

गिझरमध्ये काय झालंय ते आता. कॉइल म्हणजे धातूची नळी, तिच्या आत तार आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर असते, नळीला केसाएवढी चीर गेली की पाणी पावडरीत मुरतं आणि करंट पाण्यात उतरतो. नळी तापून फुगली की चीर उघडते, म्हणून तुमचा आरसीसीबी लगेच न पडता जरा वेळाने पडतो. मेकॅनिक मल्टीमीटर लावून कॉइल ओके आहे म्हणेल कारण 2000 वॉटच्या कॉइलचा रेझिस्टन्स 26 ओहमच्या आसपास बरोबर दाखवेल, पण त्याने तार तुटलेली नाही एवढंच कळतं. लीकेज बघायला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) लागतो, 500 व्होल्टवर, कॉइलच्या पिना आणि बॉडी यांच्यामध्ये. रीडिंग 1 मेगाओहमच्या खाली आलं तर कॉइल बदलायची, सुकवून बघू वगैरे करत बसायचं नाही.

कॉइल बदलायला फ्लँज (टाकीचं झाकण, ज्यावर कॉइल बसवलेली असते) उघडेल तेव्हा तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहून बघा. आधी तपकिरी पाणी येईल, मग पांढऱ्या-पिवळट पापड्या बादलीत पडतील, बोअरच्या पाण्यावर पाच वर्षं चाललेल्या टाकीत अर्धी बादली सुद्धा निघतात, जुन्या तांब्याच्या बंबात तळाला चुना बसायचा तसंच हे. कॉइलभोवती त्याच क्षाराचं जाड कवच असतं, आणि शेजारची थर्मोस्टॅटची नळी त्या कवचात चिकटलेली असते. तुमचं गरम पाणी लवकर संपतं त्याचं कारण बहुतेक इथेच सापडेल, कॉइलची उष्णता क्षारातून थेट थर्मोस्टॅटला जाते, त्याला वाटतं पाणी तापलं, तो कट करतो, आणि वरचं पाणी कोमटच राहतं. क्षारामुळे वीज वाया जाते असं जे म्हणतात ते मला फारसं पटत नाही, कॉइल पाण्यातच आहे, उष्णता जाणार कुठे, खरा तोटा हा की कॉइल आतून जास्त तापते आणि फुटते.

त्याच फ्लँजवर मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. टाकीऐवजी आपण झिजायचं हेच त्याचं काम. तुमच्याकडे बहुतेक रॉड संपून मधली बारीक सळई उरली असेल, नवीन टाकाच, बोअरच्या पाण्यावर दरवर्षी उघडून बघायला हवा आणि हे कुणीही करत नाही, मग टाकी गंजली की गिझरला शिव्या. टाकी साफ करायला लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून भरून ठेवा, काही तासांनी दोन-तीनदा धुवून काढा. टॉयलेटचं अ‍ॅसिड अजिबात नको, टाकीच्या आतल्या काचेच्या कोटिंगचा जिथे टवका उडालाय तिथलं लोखंड ते खातं. रबर गॅस्केट प्रत्येक वेळी नवीन, आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायला सांगा नाहीतर तिथूनच गळेल.

पाणी कोमट येण्याचं एक कारण गिझरच्या बाहेर पण असू शकतं, ते फुकटात तपासता येतं. मिक्सरचा थंड पाण्याचा अँगल कॉक पूर्ण बंद करा आणि फक्त गरम सोडा. आता कडक पाणी आलं तर मिक्सरच्या आत थंड पाणी मिसळतंय, त्याचा आतला भाग, म्हणजे डायव्हर्टर किंवा कार्ट्रिज, बदला. पण ही टेस्ट अर्थिंग आणि कॉइल झाल्यावरच.

खालच्या व्हॉल्व्हचं थेंब थेंब बघून घाबरू नका. पाणी तापलं की फुगतं, 15 लिटर पाणी 20 वरून 60 डिग्रीला गेलं की साधारण कपभर वाढतं, एनआरव्हीमुळे (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) ते मागे जात नाही म्हणून तिथून बाहेर पडतं. फक्त तापताना गळत असेल तर ठीक. गिझर बंद असताना दिवसभर गळत असेल तर व्हॉल्व्ह जिथे बंद होऊन टेकतो त्या सीटवर क्षार अडकलाय किंवा प्रेशर जास्त आहे (वरच्या टाकीपासून दर 10 मीटर खाली 1 बार धरा, वर पंप असेल तर त्याचं वेगळं), व्हॉल्व्ह बदला. पण ते भोक एम-सीलने बुजवणं, जे मी खूप घरांत बघितलंय, ते कुणालाही करू देऊ नका, थर्मोस्टॅट आणि कटआउट (जास्त तापलं तर वीज तोडणारा दुसरा स्विच) दोन्ही अडकले तर वाफेला बाहेर पडायला तीच एक वाट आहे.

गॅस गिझरबद्दल, बंद बाथरूममध्ये नाही म्हणजे नाही. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही वास नाही, माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि आतून कडी असते. बाहेर मोकळ्या ड्राय बाल्कनीत बसवून फक्त पाइप आत आणता येत असेल तरच विचार करा. तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे, मी तरी इलेक्ट्रिकच ठेवेन.

दुरुस्ती की नवीन, ते टाकीवर ठरवा. कॉइल, थर्मोस्टॅट, अ‍ॅनोड, गॅस्केट, व्हॉल्व्ह सगळं बदलता येतं आणि नव्या गिझरपेक्षा स्वस्तात होतं, पण टाकीलाच भोक पडलं असेल, म्हणजे बाहेरच्या कव्हरच्या जोडातून गंजाचं पाणी झिरपत असेल, तर काचेच्या कोटिंगवाल्या टाकीला वेल्डिंग टिकत नाही, पैसे घालू नका. काम झाल्यावर आधी गरम नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरू द्या आणि मगच स्विच लावा, कोरड्या टाकीत नवीन कॉइल बघता बघता जळते.

अर्थिंगचं आधी उरका. मेगरचं रीडिंग आणि फ्लँज उघडल्यावरचा फोटो इथे टाका, टाकी ठेवायची की नाही ते बघून सांगतो.