सत्ताविसाचे तीन तुकडे

प्रश्न : केळी खरेदीचे हिशेब ठेवणाऱ्या एका संगणक प्रणालीच्या देखभालीचे काम मी करतो. शेतकऱ्याचे बिल काढणारे तिच्यातील फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा भाग) 180 ओळींचे असून मोजणीच्या साधनाने त्याची सायक्लोमॅटिक गुंतागुंत, म्हणजे त्यातील निर्णयांवरून काढलेला गुंतागुंतीचा आकडा, 27 दाखवली. आमच्याकडे 10 ची मर्यादा ठरलेली असल्यामुळे मी त्या फंक्शनचे ओळीने तीन भाग केले. आकडे 10, 10 आणि 9 असे आले. सहकारी मात्र म्हणतात की पूर्वीचा कोड निदान एका जागी वाचता तरी येत होता. त्यांचे म्हणणे कितपत योग्य आहे?
— एक वाचक, सावदा (ता. रावेर)

उत्तर : त्यांचे म्हणणे योग्य आहे, आणि त्याचा पुरावा आपण पाठवलेल्या आकड्यांतच आहे. थॉमस मकेब यांनी 1976 मध्ये मांडलेले हे माप सोप्या रीतीने सांगायचे तर फंक्शनमधील निर्णयांची संख्या अधिक एक असे असते. प्रत्येक इफ (अट), प्रत्येक लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग), स्विचमधील (अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या रचनेतील) प्रत्येक केस हा एकेक निर्णय, आणि बहुतेक साधने 'आणि', 'किंवा' यांनी जोडलेल्या अटीही वेगळ्या मोजतात. म्हणजे आपल्या मूळ फंक्शनमध्ये 26 निर्णय होते. तीन तुकड्यांची बेरीज 29 येते, म्हणजे निर्णय तेवढेच राहिले आणि प्रत्येक नव्या फंक्शनमागे बेरजेत तेवढा एक वाढला. शिवाय पहिल्या तुकड्यात तयार झालेली वजन, भाव, घट, उचल ही सगळी मूल्ये आता पुढच्या तुकड्यांना पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून द्यायची मूल्ये) म्हणून पाठवावी लागत असणार, आणि तो भार या मापाला दिसतच नाही.

या आकड्याचा खरा उपयोग चाचणीसाठी आहे. फंक्शनमधून जाणाऱ्या एकमेकांपासून स्वतंत्र वाटा किती, हे तो सांगतो. त्यामुळे निर्णयांची प्रत्येक फांदी एकदा तरी तपासण्यासाठी जास्तीत जास्त किती चाचण्या लागतील याचा अंदाज येतो. (एकामागून एक येणारे, परस्परांवर अवलंबून नसलेले 26 इफ धरले तर एकूण वाटा 6,71,08,864 होतात, त्या सगळ्या कोणी तपासत नाही.) वाचनाची अडचण मात्र पुष्कळदा निर्णयांच्या संख्येपेक्षा ते एकात एक किती खोल गेले आहेत यातून उद्भवते. बिल मंजूर आहे का, असल्यास वजन नोंदले आहे का, तेही असल्यास भाव जाहीर झाला आहे का, अशा तीन अटी एकमेकींच्या पोटात असोत किंवा सुट्या असोत, मकेब यांचे माप दोन्ही वेळा 4 च देते. सोनारसोर्स या कंपनीच्या 'कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी' (वाचताना जाणवणारी गुंतागुंत) या मापात प्रत्येक खोलीला वाढीव गुण असल्याने पहिल्या मांडणीला 6 आणि दुसरीला 3 मिळतात. उलट सात केस असलेला साधा स्विच मकेब यांच्या हिशेबाने 8 होतो, तर या दुसऱ्या मापाने केवळ 1, कारण तो वाचणाऱ्याची नजर सरळ खाली उतरत जाते. आपण दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी गेल्या हंगामातील जुनी बिले घेऊन चाचण्या लिहून ठेवाव्यात, म्हणजे रुपयाचाही फरक पडला तर लगेच कळेल. शेतकऱ्याच्या पट्टीत चूक झाल्यावर कोडच्या सौंदर्याची चर्चा कोणी ऐकून घेणार नाही. त्यानंतर ज्या स्थितीत बिल काढताच येत नाही त्या सगळ्या सुरुवातीलाच तपासून तेथूनच परत फिरावे. याने मकेब यांचा आकडा बहुधा हलणार नाही, पण अटींच्या पोटात अटी शिरून कोड उजवीकडे सरकत जाण्याचे थांबेल. आकडा खऱ्या अर्थाने उतरेल तो भावाच्या भागात. नवती, पिलबाग, कांदेबाग अशा केळीच्या प्रत्येक प्रकारासाठी आपण वेगळा इफ लिहिला असावा असा माझा अंदाज आहे. तसे असल्यास प्रकार आणि त्याला लागू होणारा दर एका तक्त्यात मांडून फंक्शनने तो तक्ता वाचावा. नवा प्रकार आला की तक्त्यात एक ओळ वाढेल, अट वाढणार नाही.

राहिलेला भाग फोडायचाच असेल तर तो ओळींच्या संख्येवरून न फोडता कामाच्या स्वरूपावरून फोडावा. भाव ठरवणे, हमाली आणि घट वजा करणे, उचल वळती करणे ही तीन वेगळी कामे आहेत आणि ती बदलण्याची कारणेही वेगळी आहेत. हमालीचा दर वाढला म्हणून उचलीचा हिशेब वाचावा लागू नये. फोडलेल्या फंक्शनला नेमके नाव सुचत नसेल किंवा त्याला आठ-दहा पॅरामीटर द्यावे लागत असतील, तर जागा चुकली असे समजून ते पुन्हा जोडून टाकावे.

आणि हे सारे याच फंक्शनवर करायचे का, हेही पाहावे. गिटच्या (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) नोंदींत ते वारंवार बदललेले दिसत असेल तर श्रम कारणी लागतील. फारसा बदल न होता ते बिनतक्रार चालत असेल तर आकडा 27 असला तरी मी त्याला हात लावणार नाही.

प्रश्न : सायक्लोमॅटिक गुंतागुंतीची 10 ही मर्यादा कोठून आली? ती ओलांडल्यास कोड नापास करावा का?
— एक विद्यार्थिनी, शिरपूर (जि. धुळे)

उत्तर : ती मकेब यांच्या 1976 च्या लेखातूनच आली, मात्र तेथेच त्यांनी हा आकडा वाजवी असला तरी जादूचा नाही असे म्हटले असून मोठ्या केस-रचनेला सूटही दिली आहे. ईएसलिंट या जावास्क्रिप्ट कोड तपासणाऱ्या साधनात हीच मर्यादा मुळात 20 ठेवलेली असते. आपण 10 ओलांडणारे फंक्शन नापास न करता दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावे, आणि तो कोठे अडखळतो ते पाहून मगच निर्णय घ्यावा.