माळवदाखालची जपानी तलवार

प्रश्न : सर, नमस्कार. वाड्याचं माळवद उतरवताना आजोबांची ट्रंक सापडली. ते दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. ट्रंकेत त्यांचं डिस्चार्ज बुक, बर्मा स्टार पदक आणि फोटोतली ही तलवार निघाली. भाऊ म्हणतो, खंडेनवमीच्या आत शिकलगाराकडून चकचकीत करून घेऊ. फोनवर एकजण पाच लाख देतो म्हणतोय, पण आधी तपासणीची फी मागतो. खरी किंमत किती असेल?
– एक वाचक, ता. कंधार, जि. नांदेड

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे भावाला थांबवा. आपले शिकलगार हाताचे पक्के असतात, खुरपं-कोयता त्यांच्याकडेच द्यावा. पण हे पातं सहाणेवर गेलं की त्याचं निम्मं मोल भुग्यात गेलं. आणि फी मागणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. खरा गिऱ्हाईक माल पाहायला स्वतःच्या खर्चानं येतो.

आता फोटो. मुठीवर तपकिरी फीत गुंडाळलेली आहे आणि फितीच्या फटींतून पाकट माशाचं पांढरं दाणेदार कातडं दिसतंय. हातरोधक चकतीवर चेरीची पाच पाकळ्यांची फुलं आहेत. म्हणजे ही १९३८ च्या नमुन्याची, जपानी लष्करातल्या अधिकाऱ्याची तलवार. हवालदार वगैरे मंडळींना मिळायची ती वेगळी. तिची मूठ धातूची ओतीव, वर फितीसारखा रंग दिलेला, आणि पात्यावर कारखान्याचा नंबर ठोकलेला. तुमच्या मुठीला लोंबणारा गोंडा निळा-तपकिरी दिसतो. तो असायचा लेफ्टनंट किंवा कॅप्टनचा. मेजर ते कर्नल या हुद्द्यांना लाल-तपकिरी.

पण एवढ्यानं किंमत ठरत नाही. साज लष्करी असला तरी आतलं पातं कारखान्यातलं असू शकतं, लोहारानं जुन्या रीतीनं घडवलेलं असू शकतं, नाहीतर घराण्यातलं दोन-तीनशे वर्षांचं पातं नव्या साजात बसवलेलं असू शकतं. याचा निकाल मुठीच्या आत आहे. पात्याचा जो भाग मुठीत शिरलेला असतो त्याला जपानी लोक नाकागो म्हणतात. लोहार सही करतो ती तिथेच.

मूठ काढायला अवजड हत्यार लागत नाही. मुठीत आडवी बांबूची खुंटी असते, एक किंवा दोन. ती निमुळती असते, म्हणून बारीक टोकाकडून लाकडी काडीनं हळूच ढकलायची. मग तलवार म्यानाबाहेर काढून, डाव्या हातात मुठीच्या शेवटाशी उभी धरायची आणि उजव्या मुठीनं डाव्या मनगटावर ठोसे द्यायचे. पातं आपोआप सैल होतं. लेकरं जवळ नकोत. चकतीच्या खाली-वर पातळ पत्र्या निघतील. त्या कोणत्या क्रमानं होत्या त्याचा फोटो आधी काढा, नाहीतर परत बसवताना डोकं धराल.

आतला गंज घासू नका, चिंच तर अजिबात लावू नका. तो गंज म्हणजे पात्याची जन्मतारीख. काळपट, चॉकलेटी, गुळगुळीत असेल तर पातं जुनं. करडा किंवा नारिंगी असेल तर बहुधा विसाव्या शतकातलं. एका बाजूला सही, दुसऱ्या बाजूला कधीकधी तारीख असते. शोवा (त्या वेळच्या जपानी सम्राटाच्या राजवटीचं साल) १७ असं असेल तर त्यात १९२५ मिळवा : १९४२. सहीजवळ छोटा ठसा असेल तर त्याचा जवळून फोटो हवा. ‘शोवा’ किंवा ‘सेकी’ हा ठसा बहुतेक वेळा पारंपरिक नसलेल्या पात्यावर असतो. चांदणीचा ठसा मात्र लष्करानं मान्यता दिलेल्या पारंपरिक लोहाराचा. आणि सही फार मोठ्या नावाची निघाली तर हुरळू नका. खोट्या सह्या करायचा धंदा जपानमध्येही शतकानुशतकं चालत आलाय.

पैशाचं म्हणाल तर ठशाच्या कारखानी पात्याला परदेशी बाजारात साधारण हजार-दीड हजार डॉलर, म्हणजे लाखाच्या आतबाहेर. चांगल्या लोहाराचं, न घासलेलं पातं त्याच्या कितीतरी पट जातं. ट्रंकेतली कागदपत्रं तलवारीपासून वेगळी करू नका, गिऱ्हाईक त्यांचेही पैसे मोजतो. म्यानाला जपानी अक्षरांची लाकडी पट्टी बांधलेली असेल तर ती शरणागतीच्या वेळी मूळ मालकाच्या नावाची असू शकते. तीही जपा.

परदेशी पाठवायची घाई नको. पातं शंभर वर्षांहून जुनं ठरलं तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ते देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय तलवार शस्त्र कायद्यात येते. विकण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा. आणि ती घेऊन एसटीनं माझ्याकडे निघू नका, फोटो पुरतात.

खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळदकुंकू म्यानाला लावा. ओल्या हळदीनं पात्यावर डाग पडतो, लिंबू कापलं तर आम्ल बसतं. बोटं लागली असतील तर मऊ सुती कापडानं पुसा, बिनवासाच्या हलक्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. मूठ निघाली की नाकागोच्या दोन्ही बाजू दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता टिपून पाठवा. पुढचं त्यावरून सांगतो.