लॅपटॉप चार्जर लावून चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. बॅटरी बदलू की नवा लॅपटॉप घेऊ?

दोन्ही नको, निदान या आठवड्यात तरी नको. मी बॅटरी बदलली होती आणि त्यावरून माझं आणि दादाचं अजून पटलेलं नाही, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप ७ वर्षांचा आहे, चार्जर काढला की लगेच बंद पडतो, 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं दिसतं, आणि शेवटी जाता जाता, 'हल्ली स्लो पण झालाय'. त्या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. स्लो होणं हा वेगळा आजार आहे असं तुम्ही धरून चालला आहात. मीही तेच केलं होतं.

माझं काम भाषांतराचं. लॅपटॉप दिवसभर एकाच जागी, आणि रात्री आवरताना वायर अडॅप्टरच्या ठोकळ्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवायची सवय. आधी चार्जिंग मधूनमधून जायला लागलं. पिन जरा वर उचलून धरली की दिवा लागायचा, सोडली की गेला. मग मी वायरखाली शब्दकोश ठेवायला लागले. दोन खंड ठेवले तर चार्ज व्हायचा, एक ठेवला तर नाही. काही दिवसांनी खंडांचाही उपयोग होईना. त्याच सुमारास मशीन इतकं रेंगाळायला लागलं की 'क्ष' टाइप केला तर आधी क, मग पाय मोडलेला क्, मग कुठे क्ष, असं डोळ्यांदेखत उमटायचं.

दादा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, त्यामुळे या विषयात आमच्याकडे त्याचा शब्द शेवटचा. त्याने मल्टिमीटर आणला, पिनला लावला, आकडा आला १९.५ व्होल्ट. अडॅप्टरवरही १९.५च छापलेलं. "अडॅप्टर ठणठणीत आहे, तुझी बॅटरी गेली." नवी बॅटरी आली. ती अर्धी चार्ज होऊनच आली होती, त्यामुळे तासभर वायरशिवाय चालली आणि आम्ही खूश. मग उतरत उतरत ४ टक्क्यांवर आली आणि तिथेच अडकली. स्लो आहे म्हणजे सॉफ्टवेअरची भानगड, असं म्हणत त्याने फॉरमॅट मारला. त्यात माझी शब्दसूची गेली, २ महिन्यांची. (बॅकअप जुना होता, ती चूक माझी. त्यावर कृपया कुणी बोलू नये.) शेवटी निदान झालं, मदरबोर्ड. रिपेअरवाल्यानेही मशीन न उघडता मान डोलावली.

एवढ्या काळात लॅपटॉप रोज सुरू होताना काळ्या स्क्रीनवर दोन-तीन ओळी दाखवत होता आणि मी रोज एफ-१ दाबून पुढे जात होते. लोकांची वाक्यं वाचून पोट भरते मी! एकदा नेमका तेव्हाच फोन वाजला, ओळी समोर तशाच राहिल्या आणि बोलता बोलता वाचल्या गेल्या. अडॅप्टर ओळखता येत नाही, बॅटरी चार्ज होणार नाही, मशीन कमी वेगाने चालेल. माझ्या सगळ्या तक्रारी त्याने आधीच लिहून ठेवल्या होत्या.

झालं होतं असं. काही लॅपटॉपच्या गोल पिनेच्या मधोमध सुईसारखा एक बारीक काटा असतो. वीज बाहेरच्या दोन कड्यांतून येते, त्या काट्यातून फक्त ओळख येते: मी अमुक वॅटचा अडॅप्टर. ती माहिती ठोकळ्यातल्या छोट्या चिपमध्ये असते आणि केसासारख्या बारीक तारेतून पिनेपर्यंत पोचते. तार तुटली की लॅपटॉपला कळत नाही की समोरचा ४५ वॅटचा आहे की ९०चा. मग तो जपून वागतो, मशीन चालवतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही उतरवतो. दादाचा मल्टिमीटर बाहेरचीच वीज मोजत होता. ती होतीच १९.५.

मैत्रिणीचा त्याच कंपनीचा अडॅप्टर आणून लावला, दिवा लागला आणि क्ष एका झटक्यात उमटला. जुन्या वायरचं पिनेजवळचं रबर मी कात्रीने उभं चिरलं. जाड तारा शाबूत, बारीक तार तुटलेली. दादाला नेऊन दाखवलं तर म्हणाला, "म्हणजे व्होल्टेज बरोबरच होतं."

तर तुम्ही आधी दुसऱ्या कुणाचा तरी त्याच कंपनीचा, तितक्याच व्होल्टचा अडॅप्टर लावून बघा. वॅट जास्त असले तर चालतात, कमी नकोत. स्वस्तातले नकली अडॅप्टर घेऊच नका, त्यांतल्या पुष्कळांत ती चिप नसते आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात. त्याने फरक पडला नाही, तर लॅपटॉप बंद करून अडॅप्टर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग पुन्हा सगळं लावून बघा, कधी कधी तेवढ्यानेच सुटतं. पिन सॉकेटमध्ये डगमगत असेल तर दोष जॅकचा. बऱ्याच मॉडेलमध्ये तो वेगळ्या छोट्या वायरवर असतो आणि मदरबोर्डला हात न लावता बदलता येतो.

आणि हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: बॅटरी फुगली असेल, म्हणजे टचपॅड वर आलाय किंवा झाकण नीट बसत नाही, तर वरचं काहीच करू नका. चार्जिंग थांबवा आणि ती जाणकाराकडून काढून घ्या. चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवरच थांबत असेल, तर कुणीतरी सेटिंगमध्ये मर्यादा घातलेली असू शकते, तो बिघाड नव्हे. तुमचा चार्जर टाइप-सी असेल तर काट्याची गोष्ट लागू नाही, तिथे आधी केबल बदलून बघा. साधी केबल ६० वॅटच्या पुढे नेत नाही. आणि हो, मदरबोर्ड खरंच जातोही, ओळखीची तार बोर्डाच्या बाजूनेही तुटू शकते. दादाने हे वाचलं तर एवढंच वाक्य वाचेल.

वायर काढताक्षणी बंद पडतो म्हणता, म्हणजे बॅटरी एक तर रिकामी आहे किंवा थकलेली. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता उरलेली) ताडून बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली असेल तर बॅटरीही बदलावी लागेल, पण अडॅप्टरचा निकाल लागल्यावरच. माझी जुनी बॅटरी नंतर पुन्हा लावून पाहिली, मूळ क्षमतेच्या ५५ टक्के निघाली. अजून वर्षभर सहज चालली असती.

सुरू होताना तुमच्या स्क्रीनवर काही ओळी येतात का? येत असतील तर एफ-१ दाबण्याआधी फोटो काढा आणि इथे टाका.