प्रश्न उद्भवत नाही

मैत्रिणीच्या लेकीस,

रात्री सव्वाअकराला पाठवलेला तुझा निरोप सकाळी चहा घेताना वाचला. आईला यातलं काही सांगू नको म्हणालीस, नाही सांगत. पण ‘मावशी, हे सगळं नाटक आहे, मी राजीनामा देऊन एमपीएससीच्या क्लासला जाते’ हे वाचून चहा तसाच राहिला. आमदारांच्या कार्यालयात तुला आठ महिने झालेत. एका उत्तरावर राजीनामा?

तुझ्या आमदारांच्या नावाने तू विधिमंडळात टाकलेल्या प्रश्नाला ऊर्जा खात्याचं आलेलं उत्तर चीड आणणारं आहे, ते कबूल. तू विचारलंस, ‘पुणे शहरातील भाडेकरूंकडून घरमालक जादा दराने वीजबिल वसूल करीत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय.’ मग ‘असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय’, मग ‘तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’, आणि शेवटी आपलं नेहमीचं ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. त्यावर दोन ओळी: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ नऱ्ह्याच्या त्या खोलीसाठी तू स्वतः दर महिन्याला मालक सांगेल त्या दराने त्याच्या हातावर पैसे ठेवतेस, आणि छापील कागद म्हणतो की असं काही घडतच नाही. रडू येणारच.

तरी सांगते, आणि हे तुला आवडणार नाही. चूक खात्यापेक्षा तुझ्या प्रश्नाची जास्त आहे. ‘हे खरे आहे काय’ असं विचारलंस की मंत्रालयात उत्तर लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय तूच करून दिलीस. पहिल्या भागाला नकार आला की बाकीचे तीन आपोआप मेले. आगगाडीचं इंजिन काढल्यावर डबे जातील कुठे? जुलैत तुला सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं: किती, आणि कधीपर्यंत. बाकी सगळं गेलं तरी चालेल, हे दोन शब्द प्रश्नात हवेतच. तो कागद हरवला असणार.

मी बावीस वर्षं एका आमदारांकडे होते. टाइपरायटरपासून सुरुवात केली. शेवटी शेवटी साहेब नुसते ‘त्या पागडीच्या घरांचं काहीतरी टाका’ म्हणायचे आणि प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना सगळं मी लिहायची. डिसेंबरात नागपूरला थंडीत कुडकुडत खोलीवर बसून मंत्र्यांची उत्तरं वाचायची. ‘अंशतः खरे आहे’ आलं की आम्हाला केवढा आनंद! आता हसू येतं. अंशतः म्हणजे किती, हे पुढच्या अधिवेशनात विचारायचं कुणाच्या डोक्यातच यायचं नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. जादा वसुली झाली की नाही हे खात्याला खरोखरच कळत नाही, कारण खात्यापुरता ग्राहक एकच, तो म्हणजे घरमालक. मीटर त्याच्या नावावर. खाली तुम्ही चार खोल्यांतल्या मुली, प्रत्येकीची शंभरेक युनिटं, भिंतीवर मालकाने लावलेले सबमीटर. तुझ्या एकटीच्या नावावर मीटर असतं तर तुझी शंभर युनिटं सगळ्यात स्वस्त टप्प्यात बसली असती. चौघींची मिळून चारशे होतात, म्हणजे बिल ३०१ ते ५०० च्या टप्प्यात शिरतं. त्या चारशेतलीही पहिली शंभर स्वस्त दरानेच लागतात, पण मालक तुम्हाला सगळीच्या सगळी वरच्या दराने, वर थोडं चढवून लावतो. स्वस्त टप्प्याचा फायदा त्याच्या खिशात. हे तुला माहीत आहे, तू भोगतेस. मग प्रश्नात हे का नाही? ‘जादा दराने’ या दोन शब्दांत तू सगळं गुंडाळून टाकलंस.

विचारायचं ते असं. वीज कंपनीच्या पुणे परिमंडळात गेल्या तीन वर्षांत भाडेकरूंनी स्वतःच्या नावे घरगुती वीजजोडणीसाठी केलेले अर्ज किती? मंजूर किती? मालकाचा ना-हरकत दाखला नाही म्हणून परत केलेले किती? वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ मध्ये मालक किंवा भोगवटादार, म्हणजे तिथे राहणारा, कुणीही मागितलं तर जोडणी द्यायची असं आहे. मग ना-हरकत दाखला कोणत्या तरतुदीखाली मागतात? आणि प्रलंबित अर्ज कोणत्या तारखेपर्यंत निकाली निघतील? यात ‘नाही’ म्हणायला जागा कुठे आहे, शोधून दाखव. ‘माहिती ठेवली जात नाही’ असं येईल फार तर. येऊ दे! ते उत्तर तर सोन्यासारखं. पुढच्या वेळी विचार, कधीपासून ठेवणार.

दुसरी युक्ती टोलवाटोलवीची. ती ओळखायला मला दहा वर्षं लागली, तुला फुकट देते. वीजदराचं काही विचारलं की ‘दर ठरविण्याचे अधिकार वीज नियामक आयोगास आहेत’. खासदारामार्फत दिल्लीत घरभाड्याचं विचारलं की उत्तराची पहिली ओळ ठरलेली, जमीन आणि वसाहत हा राज्याचा विषय आहे. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको असं लिहिलं, आणि पुढचं राज्यांवर सोपवलं. म्हणून ज्याच्या हातात जे आहे तेवढंच त्याला विचारायचं. तुझ्या मालकाकडे येणाऱ्या वीजबिलात वीज शुल्काची ओळ असते बघ, घरगुती बिलावर १६ टक्के. ते आयोगाचं नाही, राज्य सरकारचं. गेल्या वर्षी घरगुती ग्राहकांकडून ते किती जमा झालं, असं विचारलंस तर आयोगाकडे बोट दाखवता येत नाही. दर कमी करता येत नसेल तर अनुदान देता येतं, कायद्यात कलम ६५ आहे, फक्त पैसे वीज कंपनीला आगाऊ मोजावे लागतात. किती मोजले? विचार.

तारखेचं म्हणशील तर २०२१ ची गोष्ट सांगते, तू तेव्हा अकरावीत असशील. टाळेबंदीत मीटरचं वाचन थांबलं होतं, सरासरीने बिलं निघाली, आणि जून २०२० मध्ये लोकांच्या हातात आकडे पडले तेव्हा घराघरांत बोंब झाली. दिलासा मिळणार म्हणता म्हणता दिवाळी गेली, आणि मग बिलं भरावीच लागतील असं आलं. २ मार्च २०२१ ला विधानसभेत त्यावरून गोंधळ झाला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सभागृहातच सांगितलं की चर्चा होईपर्यंत कुणाची वीज तोडणार नाही. बाकं वाजली. मी टीव्हीसमोर ओरडले, ‘अहो, कधीपर्यंत ते विचारा!’ आमचे हे म्हणाले, तू निवृत्त झालीस. १० मार्चला, अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी ती स्थगिती उठवली. आठ दिवस टिकली. पक्ष कुठलाही घे, खुर्चीवर कुणीही बसव, तारीख न मागितलेल्या शब्दाचं हेच होतं.

बोललेल्या शब्दाला धरून ठेवायची सोयसुद्धा आहे, ती कुणी वापरत नाही. लोकसभेत सरकारी आश्वासनांची समिती १९५३ पासून आहे. ‘बाब विचाराधीन आहे’ एवढं मंत्री म्हणाले तरी तिथे ते आश्वासन धरतात आणि तीन महिन्यांत पूर्ण करायला सांगतात. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. तुझ्या साहेबांना विचार, तिथे गेल्या वर्षात एक तरी पत्र दिलंय का. मी वही ठेवली होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. तारीख, मंत्री, काय म्हणाले, पुढे काय झालं. चौथा रकाना बहुतेक कोराच. लोक मला ‘वहीवाल्या बाई’ म्हणायचे, मागून आणखीही काही म्हणत असतील.

आता तुला ते सांगते जे तुझ्या आईलाही नीट माहीत नाही.

आमची गिरगावातली खोली पागडीची, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन मग नाममात्र भाड्याने राहायची, बारा बाय पंधरा, भाडं महिन्याला १४२ रुपये. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी जिच्यावर सरकार उपकर घेतं अशी, त्यातही ‘अ’ वर्गातली, म्हणजे सप्टेंबर १९४० च्या आधीची. जिन्याखाली लाकडी टेकू लावलेले. पहिली दोन वर्षं त्यांना वळसा घालून जायचो, मग सवय झाली. एकाला शेजारच्या काकूंनी खिळा ठोकला, त्यावर त्यांची छत्री असायची. दुसऱ्यावर पोरांनी उंची मोजून रेघा मारल्या होत्या. एका पावसाळी अधिवेशनात साहेबांनी दक्षिण मुंबईतल्या टेकूवरच्या इमारतींचा प्रश्न टाकायला सांगितला. मी लिहिला. शेवटचा भाग होता, ‘सदर दुरुस्ती कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण करण्यात येईल’. विधानभवनातल्या एका ओळखीच्या माणसाने कागद चाळून म्हटलं, बाई, लांबतोय, शेवटचं कशाला? माझ्याच इमारतीसाठी मी प्रश्न लिहितेय असं कुणी म्हणेल, हीही लाज होतीच. मी ती ओळ खोडली. स्वतःच्या हाताने. उत्तर आलं, ‘दुरुस्तीची कार्यवाही सुरू आहे.’

पाच पावसाळे कार्यवाही सुरू राहिली. सहाव्यात रात्री अडीचला जिन्याचा मधला टप्पा खाली आला. काकू दूध तापवून खाली मुलीकडे निघाल्या होत्या, नात आजारी होती. खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने अंथरुणावर होत्या, मग गेल्या. छत्री त्या खिळ्यावर तशीच होती.

आमचे हे म्हणतात, तारीख मागितली असतीस तरी जिना पडायचा तेव्हाच पडला असता. असेल. मालकाची बाजूही मला ठाऊक आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, सभागृह त्याच कायद्याला मुदतवाढ देत राहिलं, डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं तेव्हा कुठे नवा कायदा आला, तो ३१ मार्च २००० ला लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. १४२ रुपयांत कुणाचा जिना दुरुस्त होतो? पाहिलंस ना, पुन्हा ‘किती’वरच आलो. पन्नास वर्षांत कुणी मांडून दाखवलं असतं की एका खोलीची देखभाल किती आणि भाडं किती, तर मालकही बुडाला नसता आणि काकूही. १९६९ साली उपकर सुरू झाला तेव्हा अशा इमारती १९,६४२ होत्या. भेंडीबाजारात ३१ ऑगस्ट २०१७ ला हुसैनी इमारत पडून ३३ माणसं गेली, तेव्हाही सगळे हळहळले. हळहळ मला नको होती, यादी हवी होती, टेकू कधी लागला आणि कधी निघणार त्याची.

असो. हट्टी आहे मी, मान्य आहे. साहेबांचं शेवटचं वर्षभर माझ्याशी पटेना ते यावरूनच. त्यांना भाषण हवं असायचं, मी आकडे पुढे करायची. ते निवडून आले नाहीत याचं खापर काहींनी माझ्या वहीवर फोडलं. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण त्या खोडलेल्या ओळीइतकं नाही.

एमपीएससी द्यायची तर दे, चांगली परीक्षा आहे. उद्या कक्ष अधिकारी झालीस तर ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहायला तुझ्याच पुढे फाईल येईल, तेव्हा तुझी गंमत बघायला मी येईन. पण राजीनामा या आठवड्यात नको. पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नांची मुदत आधी बघ, आणि रविवारी दुपारी घरी ये. भाड्याची पावती आण. मालक देत नाही म्हणू नकोस, पावती देणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे. आजच लेखी माग आणि त्या अर्जाची प्रत आण. सबमीटरचा आणि खालच्या मुख्य मीटरचा, दोन्हींचे फोटो काढ. मागच्या वेळी पाठवलेल्या फोटोत आकड्यावर तुझा अंगठा आला होता.

तुझी,
मावशी