खुर्ची कधी हलते, तारीख कोण ठरवतं

प्रश्न : बाई, ठाणे–वाशी लोकलमध्ये आमचा रोजचा ग्रुप आहे. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी बातमी आणतं, ‘मुख्यमंत्री बदलणार’, ‘मध्यावधी लागणार’. मग तुर्भे येईपर्यंत वाद. यातलं कितपत खरं मानायचं? आणि सरकार अडचणीत आलं की नेता बदलून खरंच काही साधतं का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : तुमच्या डब्यात दोन वेगळ्या बातम्या एकत्र येतात. मुख्यमंत्री बदलणं हा पक्षाचा निर्णय असतो. विधानसभा बरखास्त होणं ही घटनेतली प्रक्रिया आहे. मंत्रिमंडळाने राज्यपालांना तशी शिफारस करायची आणि राज्यपालांनी कलम १७४ खाली सभागृह बरखास्त करायचं, हा सरळ रस्ता. नाहीतर सरकार पडावं लागतं आणि दुसरं कुणी बहुमत दाखवू शकत नाही अशी वेळ यावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आलेल्या विधानसभेत सत्ताधारी तीन पक्षांना २८८ पैकी २३० जागा मिळाल्या होत्या. निवडणुकीचा खर्च आणि धावपळ नुकतीच सोसलेला आमदार, मग तो कोणत्याही बाजूचा असो, पाच वर्षांची मुदत आपणहून सोडायला सहसा तयार नसतो. म्हणून ‘मध्यावधी’ ऐकलं की आधी विचारा : बरखास्तीची शिफारस कोण करणार, आणि त्याला त्यातून काय मिळणार?

सरकार निवडणुकीशिवायही बदलतं, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. जून २०२२ मध्ये ठाण्याच्या एकनाथ शिंदे यांच्यासोबत आमदार बाहेर पडले आणि ३० जूनला ते मुख्यमंत्री झाले. एकही मतदान केंद्र उघडलं नाही. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून त्यांचं सरकार पुन्हा आणता येणार नाही. बहुमत सभागृहात मोजलं जातं. फार्महाऊसवरच्या आणि विमानतळावरच्या बातम्यांमधून ते कळत नाही.

आता नेता बदलण्याचा उपयोग. महाराष्ट्राचा अनुभव सांगते, कारण वर्गात मी हाच सर्वाधिक वेळा शिकवला.

१९९५ मध्ये युतीचं सरकार आलं, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. मुदत संपायला वर्षभर उरलं असताना त्यांना जावं लागलं आणि १ फेब्रुवारी १९९९ रोजी नारायण राणे आले. एप्रिलमध्ये दिल्लीत वाजपेयी सरकार एका मताने पडलं. लोकसभेची निवडणूक लागली. जूनमध्ये शरद पवारांनी वेगळा पक्ष काढला, काँग्रेसची मतं फुटणार हे दिसत होतं. मग युतीने विधानसभाही मुदतीआधी बरखास्त करून लोकसभेबरोबर निवडणूक घेतली. कागदावर हिशेब चोख होता : नवा चेहरा, फुटलेला विरोधक, वर कारगिलनंतरचं वातावरण.

निकाल काय लागला पाहा. लोकसभेला महाराष्ट्राने युतीला ४८ पैकी २८ जागा दिल्या. त्याच सप्टेंबरमध्ये, त्याच मतदाराने विधानसभेला मात्र शिवसेनेला ६९ आणि भाजपला ५६ जागा दिल्या. बेरीज १२५, बहुमताला हवेत १४५. दोन्ही काँग्रेस निवडणुकीनंतर एकत्र आल्या आणि ऑक्टोबरमध्ये विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. तारीख सत्ताधाऱ्यांनी निवडली होती, पण एकाच रांगेत उभं राहून लोकांनी दिल्लीचा आणि मुंबईचा कारभार वेगवेगळा तोलला. मला आपल्या मतदाराबद्दल जो आदर आहे, तो या निकालाने फार वाढवला.

उलट उदाहरणही आहे. जानेवारी २००३ मध्ये विलासरावांच्या जागी सुशीलकुमार शिंदे आले आणि २००४ ची निवडणूक आघाडीने जिंकली. गंमत म्हणजे जिंकल्यावर खुर्चीवर पुन्हा विलासराव बसले. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, त्यांच्या जागी अशोक चव्हाण आले आणि २००९ लाही आघाडी टिकली. म्हणजे चेहरा बदलून एकदा हार, दोनदा जीत. दोन्ही वेळा आघाडी एकसंध लढली हे त्या विजयांमागचं मोठं कारण होतं असं माझं मत आहे. नेता बदलताना पक्षातलं भांडण मिटत असेल तर उपयोग होतो. भांडण तसंच राहिलं तर नव्या माणसाला तेच घेऊन प्रचाराला जावं लागतं.

प्रश्न : मॅडम, मी स्पर्धा परीक्षांची तयारी करते. ऑस्ट्रेलियात एकाच पक्षाने दोनदा आपलाच पंतप्रधान काढला असं वाचलं. आपल्याकडे असं आमदार-खासदार का करू शकत नाहीत? आणि तिथे पंतप्रधानाला निवडणुकीची तारीख निवडता येते, हे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : प्रश्न आवडला. आधी घटनाक्रम नीट लिहून घे. जून २०१० मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान केव्हिन रुड यांना पक्षाच्या खासदारांचा पाठिंबा उरला नाही आणि ज्युलिया गिलार्ड पंतप्रधान झाल्या. ऑगस्टच्या निवडणुकीत १५० पैकी मजूर पक्ष ७२, विरोधी आघाडीही ७२. गिलार्ड यांनी ग्रीन पक्षाच्या आणि अपक्ष खासदारांच्या आधाराने सरकार चालवलं. पुढची तीन वर्षं ‘रुड परत येणार’ ही चर्चा थांबलीच नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये रुड यांनी आव्हान दिलं आणि ३१ विरुद्ध ७१ मतांनी हरले. २६ जून २०१३ रोजी ते ५७ विरुद्ध ४५ मतांनी जिंकले.

तारखेचं म्हणशील तर गिलार्ड यांनी जानेवारी २०१३ मध्येच १४ सप्टेंबर ही तारीख जाहीर करून टाकली होती, जवळजवळ आठ महिने आधी. रुड यांनी ती आठवडाभर अलीकडे, ७ सप्टेंबरला आणली. मजूर पक्ष ५५ जागांवर आला, विरोधकांना ९० मिळाल्या. जाण्याआधी रुड यांनी एक नियम मात्र करून घेतला : पक्षाच्या पदावरच्या पंतप्रधानाविरुद्ध निवड घ्यायची तर तीन चतुर्थांश खासदारांच्या सह्या लागतील. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. मंत्री आपल्या खात्याची फाईल वाचण्याऐवजी सह्या मोजत बसला तर नुकसान सगळ्या देशाचं होतं.

आपल्याकडे विधिमंडळ पक्षाची बैठक होते, दिल्लीहून निरीक्षक येतात आणि ‘निर्णय श्रेष्ठींवर सोपवला’ असा एका ओळीचा ठराव होतो. आमदार गुप्त मतदान करून नेता निवडतात असं फारसं दिसत नाही. पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे १९८५ ची दहावी अनुसूची, व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडणाऱ्याचं सदस्यत्व घालवू शकतो. त्यामुळे नाराजी आतल्या आत साठते आणि फुटते तेव्हा अख्खा गटच फुटतो. नेता बदलायचा असेल तर तो पक्षाच्या आमदारांनी उघडपणे, मतं मोजून बदलावा, असं मला मनापासून वाटतं.

तारीख निवडण्याच्या अधिकाराबद्दल ब्रिटनचं एक उदाहरण पाठ कर. १९७८ च्या शरद ऋतूत निवडणूक होणार अशी सगळ्यांची खात्री होती. पंतप्रधान कॅलाहन यांनी ती टाळली. हिवाळ्यात संपांनी देश बेजार झाला, २८ मार्च १९७९ ला सरकार ३११ विरुद्ध ३१० मतांनी पडलं आणि मे महिन्यात मार्गारेट थॅचर आल्या. आपल्याकडे चंद्राबाबू नायडू आणि वाजपेयी दोघांनीही २००४ ची निवडणूक मुदतीआधी ओढली आणि हरले. तेलंगणात चंद्रशेखर राव यांनी २०१८ मध्ये तेच केलं आणि ११९ पैकी ८८ जागा जिंकल्या. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलेलं एकत्र निवडणुकांचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयकही वाच. त्यात मुदतीआधी बरखास्त झालेल्या सभागृहाच्या जागी येणाऱ्या सभागृहाला फक्त उरलेली मुदत मिळेल अशी तरतूद आहे.

प्रश्न : काम न करणाऱ्या आमदाराला मतदार मध्येच परत बोलावू शकतात का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : नाही. आमदार-खासदारांसाठी आपल्या कायद्यात तशी सोय नाही.

प्रश्न : तुम्ही दिल्ली-मुंबईच्या तारखांवर लिहिता. आमच्या नवी मुंबईत २०२० नंतर नगरसेवकच नव्हते. सोसायटीसमोरचं गटार तुंबलं तर कुणाकडे जायचं तेच कळत नसे. निवडणूक एवढी लांबू कशी शकते?
— एक गृहिणी, नेरूळ

उत्तर : ताई, तुमचा राग रास्त आहे आणि माझाही तोच आहे. विधानसभा दोन महिने उशिरा झाली तर देशभर गहजब होईल. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. ठाण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तिथेही मतदान त्याच दिवशी. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगांना हेच बजावलं होतं.

आधी कोविड आला. ते कारण खरं होतं. मग ओबीसी आरक्षणासाठी लागणारी आकडेवारी वेळेत गोळा झाली नाही. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार आयोगाकडून राज्य सरकारकडे आणणारा कायदा झाला. सरकार बदललं की रचना बदलायची, रचना बदलली की कोर्टात जायचं. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ची शेवटची मुदत घातली. यात कोणताही एक पक्ष दोषी ठरत नाही, कारण या काळात राज्यात बहुतेक सगळेच मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत होते.

या काळात आयुक्तच प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडायचं त्यांनी आणि मंजूर करायचंही त्यांनीच. स्थायी समिती नाही, महासभा नाही, प्रश्न विचारायला १११ जागांवर कुणीच नाही. अधिकारी कितीही चांगला असला तरी तुमच्या गल्लीतल्या मतांवर त्याची नोकरी अवलंबून नसते.

आता सभागृह आलं आहे, तर एक काम करा. पुढच्या निवडणुकीआधी प्रभागरचना, आरक्षणाची सोडत, मतदार याद्या, हरकती आणि सुनावण्या एवढं सगळं व्हावं लागतं. ते मुदत संपायच्या निदान वर्षभर आधी सुरू झालं नाही तर पुन्हा प्रशासक येतो. २०२९ उजाडलं की तुमच्या चारही नगरसेवकांना सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी विचारा की हे काम कुठवर आलं आहे. राज्य निवडणूक आयोगाला माहिती अधिकारात अर्ज करा. अर्ज लिहायला मदत लागली तर या सदराच्या पत्त्यावर कळवा, मसुदा मी करून देईन.