धर्माच्या नावावर मत मागितलं तर?

प्रश्न: प्रचाराला आलेला एकजण सरळ म्हणाला, आपल्या धर्माचा माणूस आहे, त्यालाच मत द्या. हे चालतं का हो, की मीच उगाच डोक्याला ताप करून घेतोय?

उत्तर: नाही चालत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२३(३) आहे, उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कुणी धर्म, जात, भाषेवरून मत मागितलं तर ते निवडणुकीतलं भ्रष्ट आचरणच धरतात, निवडून आलेला घरी बसू शकतो. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला की उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म पुढे करून मत मागितलं तरी तेच. पण निवड रद्द करायची याचिका निवडणुकीच्या निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात टाकायची, म्हणजे तोवर साहेबांचा सत्कार झालेला असतो! मला तर वाटतं, कामाचं सांगण्यासारखं नसलं की देव आठवतो.